मातीची फौज नीट बघायची असेल तर

चीनमधल्या शिआनला जाऊन, तिथे पहिल्या सम्राटाच्या समाधीजवळ पुरलेली मातीच्या सैनिकांची फौज बघून आलेल्यांना विचारलं की कसं वाटलं, तर बरेच जण म्हणतात भारी आहे, पण पाच मिनिटांनी सगळे सैनिक सारखेच दिसायला लागतात. हे ऐकून मला दरवेळी हळहळ वाटते, कारण मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझंही तेच झालं होतं, पिट १ च्या (सैनिक जिथे निघाले त्या खड्ड्यांना पिट म्हणतात, असे तीन आहेत) कठड्याशी गर्दीत उभी राहिले, टाचा उंचावून चार फोटो काढले आणि तासाभरात बाहेर. दुसऱ्यांदा जायचा योग आला तेव्हा आधी वाचून गेले, सोबत छोटी दुर्बीण नेली आणि पिट उलट्या क्रमाने बघितले, तर अख्खा दिवस कमी पडला. म्हणून हे सविस्तर लिहितेय. जाणाऱ्यांसाठी तर आहेच, पण घरी बसून फोटो झूम करून बघणाऱ्यांनाही याचा उपयोग होईल.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. तिथे ताठ उभा असलेला जो जो सैनिक दिसतो तो जमिनीतून तसा निघालेला नाही. जवळजवळ सगळे तुकड्यांत सापडलेत, आणि कोणीतरी महिनोन्महिने बसून एकेक तुकडा जुळवून त्यांना परत उभं केलंय. म्हणजे आपण एकाच वेळी दोन कामं बघत असतो, एक २,२०० वर्षांपूर्वीच्या कुंभारांचं आणि दुसरं गेल्या पन्नास वर्षांतल्या पुरातत्त्ववाल्यांचं. हे दुसरं काम बघायची सवय लागली की सारखेपणा आपोआप गळून पडतो.

निघण्याआधी एवढं माहीत असू द्या

चिन शी हुआंग हा ज्याचा सगळा पसारा आहे तो सम्राट. मूळ नाव यिंग झंग, जन्म इ.स.पू. २५९ चा, इ.स.पू. २४६ मध्ये पोरवयातच चिन राज्याच्या गादीवर बसला, बाकीची सहा राज्यं एकामागोमाग जिंकून इ.स.पू. २२१ मध्ये पहिला सम्राट झाला आणि इ.स.पू. २१० मध्ये दौऱ्यावर असतानाच मेला. समाधीचं काम गादीवर आल्या आल्या सुरू झालं होतं. साधारण शंभर वर्षांनी सीमा चियान नावाच्या इतिहासकाराने ‘शीजी’ या ग्रंथात त्या समाधीचं वर्णन लिहून ठेवलंय, सात लाख माणसं कामाला लावली, आत पाऱ्याच्या नद्या केल्या, छतावर तारे-नक्षत्रं काढली, चोर आत शिरले तर आपोआप बाण सुटतील असे क्रॉसबो बसवले, वगैरे वगैरे. एवढं सगळं लिहिलं पण मातीच्या सैनिकांबद्दल एक ओळ नाही! त्यामुळे १९७४ पर्यंत हे शोधायला कोणी निघालंच नव्हतं.

दुसरं म्हणजे ‘योंग’ हा शब्द. मेलेल्यासोबत पुरायच्या बाहुल्याला चिनीत योंग म्हणतात. त्याआधी खरी माणसं पुरायची पद्धत होती, ‘शीजी’तच नोंद आहे की इ.स.पू. ६२१ मध्ये चिनचा राजा मू गेला तेव्हा १७७ माणसं त्याच्यासोबत गेली. याच चिन राज्याने इ.स.पू. ३८४ मध्ये ही प्रथा बंद केली. पुढे मातीची माणसं पुरायची चाल वाढत गेली. आणि गंमत बघा, कन्फ्यूशियसला हे बाहुलेसुद्धा मंजूर नव्हते, त्याच्याच परंपरेतल्या मेन्शियस या विचारवंताने सांगितलंय त्यानुसार तो म्हणायचा की ज्याने पहिल्यांदा असा बाहुला केला त्याचा वंश खुंटो, कारण तो दिसायला हुबेहूब माणसासारखा. हे डोक्यात ठेवून त्या चेहऱ्यांसमोर उभं राहिलं की अंगावर काटा येतो, निदान माझ्या तरी आला.

आता सापडलं कसं ते थोडक्यात. १९७४ चा मार्च, दुष्काळाचे दिवस, लिंतोंगजवळच्या शीयांग गावातले शेतकरी विहीर खणत होते, समाधीच्या टेकडीपासून पूर्वेला साधारण दीड किलोमीटरवर. आधी भाजलेल्या लाल मातीचा थर लागला, मग मडक्यासारखं काहीतरी, मग कळलं की हे मडकं नाही, हे धड आहे. सोबत ब्राँझचे बाण निघाले, ते काहींनी भंगारात विकले पण. लिंतोंगच्या छोट्याशा म्युझियममध्ये झाओ कांगमिन नावाचे गृहस्थ होते, त्यांच्या कानावर गेलं, ते आले, तुकडे गोळा करून नेले, धुतले आणि चिकटवत बसले. म्हणजे या फौजेतले पहिले सैनिक या एका माणसाने उभे केले. माओच्या सांस्कृतिक क्रांतीचा काळ होता, जुन्या वस्तू फोडून टाकण्याची भीती होती, म्हणून सुरुवातीला ते गप्प राहिले. त्याच उन्हाळ्यात एका पत्रकाराने बघितलं, बातमी बीजिंगपर्यंत गेली आणि पुरातत्त्वज्ञ युआन झोंगयी यांच्या नेतृत्वाखाली टीम आली. त्या टीमला वाटलं होतं थोड्या दिवसांचं काम असेल. पिट १ ची हद्द लागेपर्यंत लक्षात आलं की हे आयुष्यभराचं काम आहे. १ ऑक्टोबर १९७९ ला म्युझियम उघडलं, १९८७ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं.

जाण्याची तयारी

पासपोर्ट बरोबर ठेवाच, टिकीट पासपोर्टच्या नावावरच मिळतं, आणि सुट्ट्यांच्या दिवसात जाणार असाल तर आधीच ऑनलाइन बुक करा. मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चीनमध्ये मोठ्या सुट्ट्या असतात, तेव्हा तर शक्यतो जाऊच नका, डोक्यांपलीकडे काही दिसत नाही. शिआन शहरातून मेट्रोची ९ नंबरची लाईन पकडून हुआचिंगची (Huaqingchi) स्टेशनला उतरायचं आणि पुढे बस. वाटेत कोणी अनोळखी माणूस स्वस्तात नेतो म्हणाला तर नको म्हणा, माझ्या एका ओळखीच्यांना असंच कोणीतरी नकली पुतळ्यांच्या शेडमध्ये नेऊन सोडलं होतं आणि त्यांचा अर्धा दिवस गेला. टिकीट जपून ठेवा, त्याच टिकिटावर समाधीची टेकडी असलेला लीशान बागेचा भाग पण बघता येतो, लोक ते विसरून परत जातात.

आणि दुर्बीण. हे मी पुन्हा सांगतेय कारण कोणीच नेत नाही. पिट १ मध्ये तुम्ही वरच्या चौथऱ्यावर असता आणि सैनिक खाली, लांब. साधी आठ पटीची दुर्बीण असली तरी मिशांचे पीळ दिसतात. मोबाईलच्या झूमला ती मजा नाही.

क्रम उलटा ठेवा, ३, मग २, मग १

सगळे दारातून आत शिरले की पिट १ कडे धावतात. तुम्ही पिट ३ पासून सुरू करा. हा सगळ्यात छोटा, ५२० चौरस मीटरचा, इंग्रजी यू अक्षरासारखा, यात फक्त ६८ सैनिक आणि एक रथ. हे सेनापतींचं ठाणं असावं असं मानतात. बाकीच्या पिटमध्ये सैनिक लढाईच्या रांगेत उभे, इथे मात्र समोरासमोर तोंड करून दोन्ही भिंतींना उभे, पहारेकऱ्यांसारखे. इथे हरणाच्या शिंगाचा तुकडा आणि जनावरांची हाडं सापडली, म्हणजे लढाईला निघण्याआधीचे विधी, कौल लावणं वगैरे इथे दाखवलं असावं. बऱ्याच जणांना डोकी नाहीत हे लगेच लक्षात येईल, आणि ते बघूनच घ्या, कारण डोकं वेगळं करून धडात बसवलेलं असायचं हे इथे उघड्या गळ्याकडे बघून जेवढं कळतं तेवढं दुसरीकडे कुठे कळत नाही. गळा म्हणजे चक्क एक भोक, त्यात डोक्याची मान खोचायची.

पिट २ मध्ये गेल्यावर पहिल्यांदा लोकांची निराशा होते, कारण अर्ध्याहून जास्त भाग अजून उघडलेलाच नाही, नुसती माती दिसते. पण थांबा, त्या मातीकडेच बघा. तिच्यावर लाटांसारखे उंचसखल पट्टे आहेत, ते लाकडी तुळयांचे ठसे. रचना अशी होती की जमिनीत साधारण पाच मीटर खोल खणायचं, मध्ये मध्ये माती चोपून टणक भिंती उभ्या ठेवायच्या, खाली विटांची फरसबंदी, भिंतींवर आडव्या तुळया, त्यावर चटया, त्यावर मातीचा थर आणि वर आणखी माती. मधल्या बोळांत सैनिक. पुढे ठिकठिकाणी आग लागली, तुळया जळाल्या-कुजल्या, छप्पर खाली बसलं आणि फौज चिरडली. ही आग चिन राजवट कोसळल्यावर इ.स.पू. २०६ च्या सुमारास बंडखोर सेनापती शियांग यूच्या सैन्याने लावली असं साधारण मानलं जातं. पट्ट्यांच्या मध्ये जिथे जमीन खोलगट झालीय तिथे खाली कोणीतरी मोडून पडलेलं आहे, हे समजून त्या मातीकडे बघितलं की तीच सगळ्यात बोलकी वाटते.

याच पिटच्या हॉलमध्ये काचेच्या पेट्यांत काही पुतळे ठेवलेत, आणि इथे तुम्ही हातभर अंतरावरून बघू शकता. इथे घाई करू नका. गुडघ्यावर बसलेल्या धनुर्धाऱ्यापाशी किमान पंधरा मिनिटं द्या, मी तर अर्धा तास होते. त्याला चारही बाजूंनी फिरून बघता येतं. मागून बघा, उजवा पाय दुमडून चवड्यावर उभा आहे त्यामुळे बुटाचा तळवा आपल्याकडे येतो, आणि त्या तळव्यावर शिवणीचे टाके कोरलेत, टाचेला आणि चवड्याला दाट, मधे विरळ. म्हणजे बूट खरोखर जिथे झिजतो तिथे जास्त टाके! पुतळा जमिनीत पुरायचा होता, तळवा कोणी बघणार नव्हतं, तरी त्या कुंभाराने ते मोजून मापून केलं. मग केस बघा, बुचडा एका बाजूला बांधलेला, मागे वेण्या आडव्या-उभ्या गुंफलेल्या, फणीचे दात फिरवल्यासारख्या रेघा. मग चिलखत बघा, छातीवरच्या पट्ट्यांत वरची पट्टी खालचीवर येते, पोटावर उलटं, खालची वरचीवर. का, तर वाकता यावं म्हणून. हे खऱ्या चामड्याच्या चिलखताचं मातीत केलेलं चित्र आहे आणि ज्याने केलं त्याने खरं चिलखत नीट बघितलेलं होतं. हातात आता काही नाही, पण बोटांची ठेवण बघून कळतं की क्रॉसबो धरलेला होता, लाकूड कुजलं आणि ब्राँझचा चाप (ट्रिगर) तेवढा उरला. हे बसलेले धनुर्धारी उभ्यांपेक्षा बरे टिकले कारण ते बुटके, जेमतेम सव्वा मीटर उंच, छप्पर कोसळलं तेव्हा उभ्या लोकांनी आधी मार खाल्ला.

शेजारच्या पेट्यांत सेनापती, अधिकारी, घोड्याचा लगाम धरलेला स्वार असे आहेत. हुद्दा ओळखायचा तर डोक्यापासून सुरू करा. साधा सैनिक म्हणजे बुचडा किंवा मऊ टोपी, अधिकाऱ्याला ताठ पट्टीची टोपी, सेनापतीला दोन शेपट्या वर निघालेलं शिरोभूषण, लढाऊ पक्ष्याच्या पिसांवरून घेतलेलं. मग छाती बघा, सेनापतीच्या चिलखतावर फितीच्या गाठी असतात, पट्ट्या बारीक आणि नाजूक. उंचीही वाढत जाते, साधा सैनिक साधारण १.८ मीटर, सेनापती त्याहून उंच. शिरस्त्राण मात्र एकाच्याही डोक्यावर नाही, हे मला फार उशिरा लक्षात आलं. चिनी सैन्यात शिरस्त्राणं नव्हती असं म्हणावं तर टेकडीजवळच्या दुसऱ्या एका खड्ड्यात चुनखडी दगडाच्या पट्ट्या तारेने ओवून केलेली चिलखतं आणि शिरस्त्राणं सापडलीत.

आता पिट १. तयार होऊन गेलात तर इथे पाय खिळतात. २३० मीटर लांब, ६२ मीटर रुंद, अंदाजे ६,००० सैनिक, त्यातले बरेचसे अजून मातीखाली. समोर उभं राहिलात की तुमच्याकडे तोंड करून तीन रांगा, प्रत्येकीत ६८, बहुतेक चिलखताशिवाय, ही आघाडीची फळी. त्यामागे अकरा बोळ, त्यात चिलखतवाले आणि रथ. आता दुर्बीण डाव्या-उजव्या कडेला न्या, कडेची रांग बाहेर तोंड करून उभी आहे, मागच्या टोकाची रांग मागे तोंड करून, म्हणजे फौजेला चारही बाजूंनी डोळे आहेत. मुख्य तोंड पूर्वेला. जिंकलेली सहा राज्यं त्याच दिशेला होती, त्यामुळे हा मेलेला राजा अजूनही त्यांच्याकडे बघत पहारा देतोय असा अर्थ बरेच अभ्यासक लावतात, मला तो पटतो. पुढच्या कोपऱ्यात एक छोटी पाटी आहे, विहिरीची जागा दाखवणारी. ती शोधाच. एक-दोन मीटर बाजूला खणलं असतं तर विहीर फौजेच्या बाहेर गेली असती.

मग हातांकडे बघा. मुठी वळलेल्या पण पोकळ. त्यात भाल्याचे दांडे होते, ते गेले. म्हणून ही फौज आज निःशस्त्र दिसते पण तशी ती नव्हती, खरी ब्राँझची हत्यारं दिली होती, एकट्या बाणांची टोकंच ४०,००० च्या आसपास निघालीत. काही हत्यारांवर ल्यू बूवेई या प्रधानाचं नाव आणि बनवल्याचं साल कोरलंय, म्हणजे माल खराब निघाला तर कोणाला धरायचं ते ठरलेलं. सैनिकांवर पण कारागिरांची नावं आहेत, ठसा मारलेली किंवा ओल्या मातीत टोकदार काहीतरी घेऊन खरवडलेली, अशी ऐंशीच्या वर वेगवेगळी नावं वाचता आलीत. काही राजवाड्याच्या विटा-कौलं करणाऱ्या कारखान्यातले, काही शियानयांगसारख्या गावांतून आलेले. सम्राटाने अमर व्हायची एवढी खटपट केली, आणि बघा, ज्यांना कोणी विचारलं नाही अशा कुंभारांची नावं पण त्याच्याबरोबर टिकली. माझा जीव जास्त त्यांच्यात अडकतो.

हत्यारांबद्दल एक गैरसमज इथेच सांगते कारण अजूनही गाईड लोक सांगतात, की तलवारींना क्रोमचा मुलामा होता म्हणून त्या गंजल्या नाहीत, दोन हजार वर्षांपूर्वी क्रोम प्लेटिंग! २०१९ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे आणि म्युझियमचे संशोधक यांनी मिळून तपासलं तर क्रोमियम थोड्याच हत्यारांवर निघालं, आणि तेही जिथे लॅकर (झाडाच्या चिकाचा लेप) लावलेलं लाकूड ब्राँझला टेकत होतं तिथे. म्हणजे ते लॅकरमधून आलेलं. हत्यारं टिकली ती ब्राँझमधल्या कथलामुळे आणि तिथल्या मातीच्या गुणामुळे. त्याच मंडळींनी आधी ३० सैनिकांच्या कानांचे थ्रीडी फोटो काढून मोजमाप केलं होतं, कान यासाठी की माणसात पण कान ठशासारखा वेगवेगळा असतो. त्यातले दोन कान तंतोतंत सारखे निघाले नाहीत. तुम्ही दुर्बिणीतून एकाच रांगेतल्या पाच जणांचे फक्त कान बघा, बाकी काही नको, दोन मिनिटांत फरक दिसतो.

एक सैनिक खालून वर कसा वाचायचा

पायाखालची फरशी वेगळी केलेली. पाय भरीव, कारण वजन त्यांच्यावर. धड पोकळ, मातीच्या वळ्या एकावर एक रचून चढवलेलं, मोठा रांजण करतात तसं, तुटलेल्या धडाच्या आत डोकावता आलं तर वळ्या आणि दाबलेल्या बोटांच्या खुणा दिसतात. हात वेगळे जोडलेले. डोकं दोन अर्ध्या साच्यांतून काढून जोडलेलं, सांधा साधारण कानाच्या आसपास येतो, आणि मग त्यावर वरून मातीचा हात देऊन नाक, मिशा, भुवया, केस हाताने कोरलेले. म्हणून मूळ घाट मोजके असले तरी चेहरे वेगळे. मग भट्टी, हजार अंशांच्या आसपास. एवढा मोठा पोकळ-भरीव पुतळा न तडकता भाजून काढणं ही काय चीज आहे हे ज्याने कधी साधी पणती भाजली असेल त्याला विचारा.

आणि मग रंग. हा भाग मला सगळ्यात जास्त चटका लावतो. हे करडे-तपकिरी सैनिक मुळात रंगीबेरंगी होते, लाल, हिरवे, निळे, गुलाबी, जांभळे. आधी झाडाच्या चिकाच्या लॅकरचा लेप, त्यावर रंग, हिंगुळाचा लाल, मॅलकाइटचा हिरवा, अझुराइटचा निळा, हाडांच्या राखेचा पांढरा, आणि एक जांभळा जो निसर्गात तयार मिळत नाही, बेरियम आणि तांब्याची संयुगं भट्टीत भाजून बनवलेला. सगळं मातीत ओल्या अवस्थेत दोन हजार वर्षं टिकलं. मग खणून वर काढलं की शिआनच्या कोरड्या हवेत लॅकरचा थर काही सेकंदांत वळायला लागायचा आणि चार-पाच मिनिटांत रंगासकट गळून पडायचा. खणणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. पहिल्या काही वर्षांत असे किती रंग गेले. पुढे जर्मनीतल्या बव्हेरियाच्या तज्ज्ञांसोबत काम करून उपाय सापडला, माती दूर करता करता लगेच पीईजी नावाच्या द्रावणाने तो थर ओला ठेवायचा, म्हणजे लॅकरमधलं पाणी हळूहळू त्याने बदलतं आणि थर आकसत नाही. १९९९ मध्ये पिट २ मध्ये एक धनुर्धारी निघाला त्याचा चेहराच हिरवा रंगवलेला आहे, का ते कोणी सांगू शकत नाही. उरलेला भाग उघडायची घाई का नाही, हे आता तुम्हाला कोणी वेगळं सांगायला नको.

फिरत फिरत पिट १ च्या मागच्या टोकाला जा, बहुतेक लोक तिथवर येईपर्यंत दमलेले असतात आणि भरभर पुढे निघून जातात, तुम्ही तिथेच थांबा. तिथे अर्धवट जुळवलेले सैनिक उभे असतात, कोणाला डोकं नाही, कोणाचा हात बाजूला ठेवलाय, कोणाच्या कमरेला पट्टा आवळून बांधलाय, चिकटवलेलं सुटू नये म्हणून, कोणी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. तुकड्यांवर नंबर घातलेले. मी उभी होते तेव्हा एक बाई कमरेच्या भागाशी हातातला तळहाताएवढा तुकडा लावून बघत होत्या, फिरवला, परत लावला, नाही जमला, बाजूला ठेवून दुसरा उचलला. मी वीस मिनिटं बघत होते, त्या वेळात एक तुकडा बसला. मग मी मान वर करून त्या हजारभर उभ्या सैनिकांकडे बघितलं आणि मला पहिल्यांदा त्या हॉलचा आकडा कळला.

ब्राँझचे रथ आणि टेकडी

मेन म्युझियममधून बाहेर पडल्यावर शटल बसने लीशान बागेकडे जा, ब्राँझच्या रथांचं म्युझियम आता तिकडे आहे, २०२१ पासून. हे दोन रथ १९८० मध्ये टेकडीच्या पश्चिमेला सापडले, प्रत्येकाला चार घोडे, खऱ्याच्या निम्म्या मापाचे, प्रत्येकात ३,००० च्या वर भाग, सोन्या-चांदीचं काम. तेही चुरा झालेल्या अवस्थेत निघालेले. छत्रीवाल्या रथाची छत्री बघा, ती फिरवता आणि अडकवता येते, आणि घोड्यांच्या गळ्याखालचे गोंडे बघा, केसासारख्या बारीक ब्राँझच्या तारांचे. गर्दी असेल तरी थांबून काचेच्या जवळ जा.

टेकडी म्हणजे झाडं उगवलेली साधी टेकडी, लोकांना वाटतं इथे बघण्यासारखं काय. तिच्याखाली सम्राट आहे आणि ती उघडलेली नाही. मातीची तपासणी केली तेव्हा पाऱ्याचं प्रमाण भोवतालपेक्षा खूप जास्त आढळलं, म्हणजे सीमा चियानच्या पाऱ्याच्या नद्या निव्वळ कल्पना नसाव्यात. उघडत का नाहीत, तर रंगांचं काय झालं ते वर सांगितलंच. टेकडीभोवती फौजेशिवायही खूप काही निघालंय, उघड्या अंगाचे कसरतवाले आणि पहिलवान, लांब बाह्यांत हात खोवून उभे असलेले कारकून, पाण्याकाठी मांडलेले ब्राँझचे हंस आणि सारस. म्हणजे त्याने फक्त फौज नेली नाही, ऑफिस नेलं, करमणूक नेली, बाग नेली.

एक दिवस जास्तीचा असेल तर

यानंतर हान राजांच्या, म्हणजे चिननंतर आलेल्या घराण्याच्या, फौजा बघितल्याशिवाय परतू नका, कारण त्याशिवाय चिन शी हुआंगची फौज किती वेगळी आहे ते कळत नाही. त्याच्या आधी आणि नंतर इतके पूर्ण उंचीचे सैनिक एवढ्या संख्येने कोणी केलेच नाहीत. शियानयांगजवळ यांगजियावानला १९६५ मध्येच, म्हणजे विहिरीच्या नऊ वर्षं आधी, अडीच हजाराच्या आसपास रंगीत सैनिक आणि घोडेस्वार सापडले होते, पण ते जेमतेम अर्धा-पाऊण मीटर उंच. लांब पूर्वेला शूचौ शहरात १९८४ मध्ये वीटभट्टीसाठी माती काढताना चार हजारांची आणखी एक फौज निघाली, तीही बुटकीच, चू राज्याच्या हान वंशातल्या राजाची.

एकच निवडायचं असेल तर यांगलिंग निवडा, शिआनच्या विमानतळाच्या वाटेवर आहे, तो विमानतळाचा रस्ता करतानाच १९९० मध्ये हे सापडलं, त्यामुळे परतीच्या दिवशी जमतं. इ.स.पू. १४१ मध्ये वारलेला हान सम्राट जिंग, त्याच्या समाधीभोवतीचे चर. इथले पुतळे ६० सेंटिमीटरच्या आसपास, उघडे आणि हात नसलेले. हात लाकडाचे होते आणि अंगावर खरे कपडे होते, दोन्ही कुजून गेलं, खांद्याला फक्त भोक उरलंय. कपड्यांचे रंग मातीवर उमटलेत काही ठिकाणी. चेहरे मात्र शांत, हलकं हसू असलेले. आत जाताना बुटांवर कव्हर घालायला देतात, कारण तुम्ही काचेच्या जमिनीवरून चालता आणि चर थेट पायाखाली असतात. अंधार असतो, डोळे सरावायला वेळ द्या. मग काचेवर बसून खाली बघा, मेंढ्या, शेळ्या, डुकरं, कुत्रे, सगळे एका दिशेला तोंड करून ओळीने उभे, काही अजून निम्मे मातीत, फक्त पाठी वर आलेल्या.